द्वेषाविरुद्ध सर्वधर्मीय शेजारगट कसा उभारावा: सुरुवात ज्यू शेजाऱ्यांपासून

मुंबईत मशीद बंदर भागातल्या सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली स्थापन झालेले ‘शआर हारहामिम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’, हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे. बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातली मराठी बोलणारी ज्यू मंडळी, त्याला पिढ्यानपिढ्या ‘जुनी मशीद’ म्हणत आली, आणि मध्य रेल्वेच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे पुष्कळ जण मानतात. तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी काम बंद ठेवणारा म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने कोकणात ओळखला गेलेला हा समाज आपल्या प्रार्थनास्थळाला शेजाऱ्यांच्या भाषेतला शब्द वापरत होता आणि त्यात कोणालाच काही खटकत नव्हते. महाराष्ट्रात ज्यूद्वेषाची परंपरा नाही असे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते बव्हंशी खरेही आहे. मात्र नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये ज्यू आहेत एवढ्याच कारणासाठी माणसे मारली गेली, आणि आज सिनेगॉगमध्ये जायचे तर ओळखपत्र दाखवून, पुष्कळदा आधी परवानगी घेऊन जावे लागते.

हा लेख सोसायटी, मोहल्ला, गाव किंवा परदेशातले महाराष्ट्र मंडळ अशा छोट्या पातळीवर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. त्यातला मुख्य मुद्दा एकच आहे: ज्याच्यावर द्वेषाचा रोख आहे त्याला ‘तुम्हाला काय हवे आहे?’ असे विचारता येण्याइतकी ओळख घटना घडण्याआधीच झालेली असली पाहिजे. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनेगॉगमध्ये शनिवारच्या प्रार्थनेच्या वेळी अकरा जणांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशीच्या शोकसभेत तिथल्या इस्लामिक सेंटरच्या संचालकांनी मुसलमानांनी जमवलेल्या मदतनिधीची माहिती दिली, आणि पुढच्या प्रार्थनेच्या वेळी बाहेर उभे राहायला माणसे हवी असतील किंवा कोणाला वाणसामान आणायला सोबत हवी असेल, तर तेही सांगा, आम्ही येऊ, असे सांगितले. वाणसामानाचा हा उल्लेख मला निधीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण घाबरलेल्या माणसाचा दिवस नेमका कुठे अडतो हे शेजाऱ्यालाच सुचू शकते.

पहिली पायरी: वस्तीची नोंदवही

एक साधी वही घ्यावी आणि आपल्या परिसरातली सगळी प्रार्थनास्थळे, दफनभूमी, धर्मादाय शाळा आणि धर्मशाळा तिच्यात लिहून काढाव्यात. प्रत्येकापुढे विश्वस्तांपैकी एकाचे नाव आणि फोन, रखवालदाराचे नाव, प्रार्थनेच्या वेळा आणि वर्षातले गर्दीचे दिवस लिहावेत. रखवालदाराचे नाव मुद्दाम सांगतो आहे, कारण रात्री दोन वाजता काच फुटली तर ती पहिल्यांदा त्यालाच दिसते आणि अशा यादीत नेमके त्याचेच नाव राहून जाते.

ज्यूंच्या बाबतीत ही वही भरताना आपले अज्ञान फार लवकर उघडे पडते. ठाण्यात, पुण्यात, अलिबागमध्ये सिनेगॉग आहे हे माहीत असलेल्या माणसालाही तिथली प्रार्थना कोणत्या दिवशी होते हे सहसा सांगता येत नाही. बेने इस्रायलींनी आपल्या सणांना ‘खिरीचा सण’, ‘बिरड्याचा सण’ अशी अस्सल कोकणी नावे दिली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनेही सुरू केली. पेणकर, दिवेकर, नवगावकर अशी आडनावे आपल्या शेजारी पिढ्यानपिढ्या राहिली. आज या समाजाचे बरेच लोक इस्रायलमध्ये गेले आहेत आणि इथे उरलेल्यांची संख्या काही हजारांत आहे, त्यामुळे एखाद्या गावात सिनेगॉग आहे पण प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमत नाहीत, अशी स्थिती असू शकते. अशा ठिकाणी वास्तूची आणि दफनभूमीची देखभाल हीच मोठी अडचण असते, आणि ती वहीत आली पाहिजे.

दुसरी पायरी: पहिली बैठक, आणि तिच्यात आमची झालेली चूक

गट दहा ते पंधरा जणांचा असावा. त्यात निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, आणि डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, रिक्षाचालक असे ज्यांचा दिवसभर लोकांशी संबंध येतो ते असावेत. धर्मगुरूंना आदराने बोलवावे, पण गट त्यांच्यापुरता ठेवू नये. निवडणुकीला उभे राहणाऱ्यांना सभासद न करणे बरे. त्यांना कार्यक्रमाला जरूर बोलवावे.

याचा उत्तम धडा भिवंडीत आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या या यंत्रमागांच्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वस्तीवस्तीतले साधे हिंदू आणि मुसलमान नागरिक बीटवरच्या पोलिसाबरोबर नियमित बसू लागले आणि गटार, पाणी, भाडे, भांडण अशा विषयांवर बोलू लागले. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईतही मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. या बैठकांत बंधुभावावर भाषणे फारशी होत नव्हती, गटाराची चर्चा होत होती, आणि त्यामुळेच एकमेकांचे फोन नंबर लोकांच्या खिशात होते.

आता आमची चूक. आमच्या गटाची पहिली बैठक आम्ही शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता ठेवली, सोयीची म्हणून. मुसलमान सभासदांची जुम्म्याची नमाज दुपारीच होते हे आम्ही लक्षात घेतले होते आणि त्याबद्दल स्वतःवर जरा खूशही होतो. ज्यांच्यासाठी ही बैठक मुख्यतः होती ते बेने इस्रायली काका मात्र आले नाहीत. रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी चहा पुढे केला आणि शांतपणे म्हणाले, “शुक्रवारी दिवेलागणीला आमचा शब्बाथ लागतो, तो शनिवारी तारे दिसेपर्यंत. फोनही उचलत नाही मी. एकदा विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं.” आम्ही त्यांच्यासाठी सगळे ठरवून मोकळे झालो होतो, फक्त त्यांना विचारायचे राहिले होते. तेव्हापासून बैठका रविवारी सकाळी होतात.

खाण्यापिण्याचेही तसेच. ज्यू आहारनियमांप्रमाणे, म्हणजे ‘कोशर’ पद्धतीत, मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणूनच बेने इस्रायली स्वयंपाकात नारळाच्या दुधाचा इतका वापर दिसतो. सामायिक बैठकीला फळे, चहा आणि शाकाहारी फराळ ठेवला की हलाल, कोशर, जैन आणि उपवास यांचे बहुतेक प्रश्न एकदम मिटतात. सिनेगॉगमध्ये जाताना पुरुषांनी डोके झाकावे, छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये.

तिसरी पायरी: द्वेष ओळखायला शिकणे

इथे गटाने दोन तरी बैठका घालवाव्यात, कारण आपल्याकडचा ज्यूद्वेष बहुतेक वेळा अज्ञानातून येतो आणि म्हणून तो द्वेष वाटतच नाही. कडक मुख्याध्यापकांना किंवा शिस्तीच्या सासऱ्यांना आपण गमतीने ‘हिटलर’ म्हणतो. त्याचे आत्मचरित्र फुटपाथवरच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी ठेवलेले असते आणि ‘देशासाठी काहीतरी करून दाखवले’ या शिफारशीसह खपते. हिटलरच्या राजवटीत झालेल्या साठ लाख ज्यूंच्या कत्तलीचा, म्हणजे होलोकॉस्टचा, विषय आपल्या शालेय इतिहासात काही ओळींत उरकला जात असल्यामुळे हे बोलणाऱ्याच्या मनात ज्यूंविषयी काही नसतेही. पण ज्या घरातली माणसे त्या कत्तलीत गेली त्यांच्या कानांवर ते कसे पडत असेल, हे त्याला कधी कोणी सांगितलेले नसते.

ऑगस्ट २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाचे आणि नाझी चिन्ह लावलेले एक उपाहारगृह उघडले. नाव लोकांच्या लक्षात राहावे, एवढाच व्यापारी हेतू त्यामागे असल्याचे सांगण्यात आले. मुंबईच्या ज्यू समाजाने जाहीर निषेध केला, प्रतिनिधींनी मालकाची भेट घेऊन हे नाव का दुखावते ते समजावले आणि काही दिवसांतच नाव बदलले गेले. इथे नाव बदलले ते भेटून समजावल्यावर, म्हणून अज्ञानाशी वागताना आमचा क्रम असा आहे: आधी भेट, मग विनंती, मग जाहीर निषेध, आणि कायद्याची भाषा शेवटी. जाणूनबुजून केलेल्या द्वेषाला मात्र हा क्रम लागू नाही.

जाणूनबुजून केलेला ज्यूद्वेष काही ठरावीक साच्यांतून येतो. ज्यू जगातला पैसा, बँका आणि माध्यमे गुपचूप चालवतात. साथीचे रोग आणि युद्धे त्यांच्या कटामुळे होतात. कत्तल झालीच नाही किंवा आकडा फुगवला आहे, असे हे साचे आहेत. मराठी व्हॉट्सॲपवर ते भाषांतरित होऊन येतात आणि पुष्कळदा नावे बदलून दुसऱ्याच समाजावर बसवले जातात. ‘एका समाजाचा गुप्त कट’ हा साचा एकदा ओळखता आला की तो मुसलमान, ख्रिस्ती, ब्राह्मण, दलित किंवा परप्रांतीय यांपैकी कोणाच्याही नावाने आला तरी ओळखता येतो, आणि मिश्र गटाने ज्यूद्वेषाचा अभ्यास करण्याचा आपल्या वस्तीला होणारा थेट उपयोग हाच आहे.

सर्वांत अवघड प्रश्न इस्रायल आणि पॅलेस्टाइनचा. तो टाळला तर गट फुटतो आणि पहिल्याच बैठकीत काढला तरी फुटतो. आमचा अनुभव असा की गटाने त्यावर एकमत शोधू नये, फक्त एक लेखी नियम करावा. इस्रायलच्या सरकारवर आणि सैन्यावर कोणत्याही दुसऱ्या सरकारवर करावी तशी कडक टीका करायला प्रत्येकजण मोकळा आहे; पण त्या सरकारच्या कृतीचा जाब ठाण्यातल्या किंवा लंडनमधल्या ज्यू शेजाऱ्याला विचारला, त्याच्या प्रार्थनास्थळापुढे निदर्शने केली किंवा टीकेत वरचे साचे वापरले, तर तो ज्यूद्वेष समजावा. हाच नियम दुसऱ्या बाजूनेही पाळावा: दुसऱ्या देशातल्या दहशतवादी संघटनेच्या कृत्याचा जाब भायखळ्यातल्या मुसलमानाला विचारायचा नाही, आणि गाझातल्या मृतांसाठी शोक करणाऱ्याला ज्यूद्वेष्टा ठरवायचे नाही.

चौथी पायरी: पहिले चोवीस तास

भिंतीवर काही लिहिले गेले, दगड आला, धमकीचा फोन आला किंवा प्रक्षोभक चित्रफीत फिरू लागली, तर कोणी काय करायचे हे कागदावर आधी ठरलेले असावे. आमच्या कागदावर चार कामे आहेत आणि प्रत्येकापुढे दोन नावे आहेत, कारण पहिला माणूस नेमका गावाला गेलेला असतो.

पहिले काम म्हणजे संबंधित कुटुंबाला किंवा विश्वस्तांना भेटणे. त्यांना घटना जाहीर करायची आहे का, पोलिसांत सोबत हवी आहे का, रात्री कोणी थांबावे का, हे विचारावे. त्यांनी ‘सध्या काही करू नका’ म्हटले तर तेच पाळावे.

दुसरे काम पुराव्याचे. भिंत धुण्याआधी तिची छायाचित्रे दिवस, वेळ आणि जागेसह घ्यावीत. समाजमाध्यमावरचा मजकूर नुसता स्क्रीनशॉट काढून ठेवू नये; दुवा, खात्याचे नाव आणि वेळही नोंदवावी, आणि ज्या फोनवर तो आला तो फोन जपावा. न्यायालयात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते.

तिसरे काम पोलिसांत जाण्याचे. तातडीच्या धोक्यात ११२ लावावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत धर्म, जात, भाषा यांवरून समाजांत वैर पसरवणे कलम १९६ मध्ये येते, प्रार्थनास्थळाची नासधूस किंवा विटंबना कलम २९८ मध्ये, धार्मिक भावना बुद्धिपुरस्सर दुखावणे कलम २९९ मध्ये आणि दफनभूमीत घुसून केलेला अवमान कलम ३०१ मध्ये येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात, म्हणून ‘आधी चौकशी करतो’ या उत्तराने चिडू नये. पण तारीख टिपून ठेवावी आणि पंधराव्या दिवशी परत जावे. गुन्हा नोंदवून घ्यायलाच नकार मिळाला तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. द्वेषपूर्ण भाषणांबाबत तक्रार येण्याची वाट न पाहता गुन्हे नोंदवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला होता; त्याची प्रत जवळ ठेवावी. ज्यू समाजाला महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला आहे, म्हणून राज्य अल्पसंख्याक आयोगाचे दारही त्यांना उघडे आहे.

चौथे काम अफवेचे. जून २०१४ मध्ये पुण्यात थोर व्यक्तींची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर फिरली, शहर तापले आणि हडपसरला एका तरुण मुसलमान संगणकतज्ज्ञाचा जमावाने खून केला. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. अफवा खोडताना मूळ मजकूर पुन्हा पुढे पाठवू नये. काय खरे आहे ते दोन ओळींत, ठाण्याशी बोलून, वस्तीला आधीच ओळखीच्या असलेल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवावे. सोसायटीच्या गटात दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचा आवाज पत्रकापेक्षा लवकर पटतो, हे आम्ही पाहिले आहे.

पाचवी पायरी: दिसेल असे उभे राहणे

डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात बिलिंग्ज या शहरात एका सहा वर्षांच्या ज्यू मुलाच्या खोलीच्या खिडकीवर वीट फेकली गेली, कारण खिडकीत हनुक्का या ज्यू सणाचा मेनोरा, म्हणजे अनेक फांद्यांची समई, होता. ज्यूंची चिन्हे घरातून काढून ठेवा, असा सल्ला आईला पोलिसाने दिला. तिला तो मान्य झाला नाही आणि तिने तसे वर्तमानपत्राला सांगितले. मग आधी चर्चमधल्या मुलांनी कागदी मेनोरा रंगवून खिडक्यांत लावले, नंतर ‘बिलिंग्ज गॅझेट’ने पानभर मेनोरा छापला, आणि हजारो ख्रिस्ती घरांच्या खिडक्यांत तो झळकला. त्यांपैकी काही खिडक्याही फुटल्या, तरी मेनोरा वाढतच गेले. त्याच वर्षी एका मूलनिवासी कुटुंबाच्या घरावर नाझी चिन्ह फासले गेले तेव्हा रंगाऱ्यांच्या संघटनेच्या सभासदांनी ते घर फुकट रंगवून दिले होते. वस्तीत ज्याच्या हाताला जे काम येते ते त्याने द्यावे, हे यातून शिकण्यासारखे आहे.

ऑस्लोमध्ये २१ फेब्रुवारी २०१५ रोजी, कोपनहेगनच्या सिनेगॉगवर हल्ला झाल्यानंतर आठवड्याभरात, नॉर्वेतल्या मुसलमान तरुणांनी सिनेगॉगभोवती मानवी कडे केले आणि हजारावर लोक जमले. त्या वेळी आयोजकांपैकी एकाची जुनी ज्यूद्वेषी वक्तव्ये समोर आली. ती चुकीची होती असे त्याने उघडपणे सांगितले आणि ती मागे घेतली. म्हणून व्यासपीठावर बसणाऱ्यांना आधीच विचारावे की तुमचे जुने बोलणे कोणी काढले तर काय सांगाल. बदललेल्या माणसाला जागा द्यावी, पण ती माहिती लपवून देऊ नये.

आपल्याकडे असे काही करायचे असेल तर पोलिसांची लेखी परवानगी, सिनेगॉगच्या विश्वस्तांची संमती आणि सुरक्षेचा विचार हे तिन्ही हवे. विश्वस्तांना गर्दीच नको असेल, तर रस्त्याच्या पलीकडे दहा माणसांनी शांतपणे उभे राहणे पुरते. घोषणा नकोत, पक्षांचे झेंडे नकोत, आणि फलकावरचा मजकूर आधी ज्यू सभासदांना वाचायला द्यावा. मुंबईत नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांचे दफन करायला नकार दिला, तेव्हा त्यासाठी मोर्चाची किंवा मानवी कड्याची गरज पडली नाही. एका समाजाने आपल्या अधिकारातली जागा नाकारली, आणि शहराला त्याचा अर्थ कळला.

परदेशातल्या मराठी घरांसाठी: स्वस्तिकाचा प्रश्न

दिवाळीत दारात स्वस्तिक काढल्यावर शेजारच्या ज्यू आजी घाबरून पोलिसांना फोन करतात, असे प्रसंग घडू शकतात. रांगोळीआधी शेजाऱ्यांना फराळाच्या ताटाबरोबर एक चिठ्ठी द्यावी: हे चिन्ह आमच्याकडे हजारो वर्षांपासून मंगल आहे, ते नाझींच्या चिन्हापेक्षा वेगळे आहे, आणि तुम्हाला ते पाहून काय वाटू शकते हे आम्हाला समजते. यातले शेवटचे वाक्य गाळू नये. २००८ मध्ये जेरुसलेमला झालेल्या हिंदू-ज्यू नेत्यांच्या परिषदेच्या जाहीरनाम्यात स्वस्तिक हे प्राचीन शुभचिन्ह असल्याची नोंद झाली, आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदी आणताना हिंदू, बौद्ध आणि जैनांच्या धार्मिक वापराला सूट दिली. मंडळाने स्थानिक सिनेगॉगला दिवाळीच्या आधी भेट दिली तर ही चिठ्ठी लिहिण्याची वेळही कदाचित येणार नाही.

सहावी पायरी: देणेघेणे चालू ठेवणे

मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ जणांची हत्या झाली, तेव्हा पिट्सबर्गच्या ज्यू संघटनेने लगेच मदतनिधी उघडला. त्याआधी जानेवारी २०१७ मध्ये टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावातली मशीद जळाली, तेव्हा तिथल्या लहानशा ज्यू समाजाने आपल्या सिनेगॉगच्या किल्ल्या मुसलमानांच्या हातात दिल्या. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत ज्यू विश्वस्तांच्या व्यवस्थेखाली बहुसंख्य मुसलमान मुले शिकत आली आहेत. ही देवाणघेवाण कोणत्याही निवेदनाशिवाय चालते.

म्हणून वर्षातले चार दिवस आधीच ठरवावेत. २७ जानेवारीच्या होलोकॉस्ट स्मरणदिनी एखाद्या शाळेत तासाभराचा कार्यक्रम घ्यावा. रमझानमध्ये एक इफ्तार, नाताळाच्या सुमारास चर्चची भेट आणि पावसाळ्यानंतर दफनभूमीची साफसफाई करावी. साफसफाईला जाताना कोयता, खराटा आणि हातमोजे न्यावेत, आणि हिब्रू व मराठी कोरीव अक्षरे असलेल्या जुन्या दगडांवर आम्ल किंवा तारेचा ब्रश चालवू नये. नुसते पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. कोणता दगड कोणाच्या घरातला आहे हे सांगणारे वडीलधारे माणूस बरोबर असेल तर ते सांगतील ते लिहून घ्यावे.

फोनची यादी मात्र दर सहा महिन्यांनी तपासावी, आणि तपासणे म्हणजे वाचणे नव्हे, प्रत्येक नंबर लावून पाहणे. मागच्या वेळी आमच्या बावीस नंबरांपैकी पाच बंद निघाले आणि त्यांत रखवालदाराचाही होता. तो सहा महिन्यांपूर्वीच गावी परतला होता. नव्या रखवालदाराचे नाव आणि नंबर त्याच दुपारी वहीत आला.